दातांना तारा किंवा अलाइनर लावल्यावर दुखतंय? गोळी देण्याआधी हे बघा

आमच्या घरात गेली सात वर्षं कुणाच्या ना कुणाच्या तोंडात तार आहेच. आधी मोठी लेक, मग धाकटा, मधे दोन वर्षं पुतणी कोचिंगसाठी देवासहून आमच्याकडे इंदूरला राहायला होती तर तिच्याही क्लिपा, आणि मागच्या वर्षापासून मी स्वतः, चव्वेचाळिसाव्या वर्षी अलाइनर, म्हणजे तारेऐवजी दातांवर चढवायचे पारदर्शक प्लॅस्टिकचे ट्रे. मी डॉक्टर नाही. पण दर महिना-दीड महिन्याने तार घट्ट करून आलं की रात्री तेच रडगाणं, तोच त्रास आणि तीच शोधाशोध, हे इतक्या वेळा झालंय की आता सोसायटीतल्या बायका रात्री दहाला पण मला फोन करतात. म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून ठेवतेय.

तक्रारी साधारण अशा येतात.

तार घट्ट केल्यावर तीन-चार तासांनी सगळी ओळच ठणकायला लागते, पोळीचा घास पण चावत नाही. किंवा गालाला आतून एकाच जागी टोचतंय, जीभ सारखी तिथेच जाते. खालच्या ओठाच्या आत पांढरा फोड आलाय, तिखट लागलं की डोळ्यात पाणी. शेवटच्या दाढेच्या मागे सुई असल्यासारखं वाटतंय. दाढांच्या फटीत मक्याचा दाणा अडकलाय असं वाटतं पण काढायला जावं तर काही निघत नाही. अलाइनरचा नवीन ट्रे बसता बसत नाही, बसला तर कवटी आवळल्यासारखं होतं, काढताना नख तुटतं. ट्रेची कड जिभेला कापते. ब्रश करताना रक्त येतं, हिरडी फुगून ब्रॅकेटवर, म्हणजे दाताला चिकटवलेल्या ज्या छोट्या चौकटीत तार बसते तिच्यावर, चढलीय. आणि एक जे ऐकून आया घाबरतात ते म्हणजे दात हलतोय.

हे सगळं आपण "तारेचं दुखणं" या एकाच नावाखाली टाकतो आणि तिथेच चुकतं. यातलं खरं तारेचं दुखणं एकच, ते पहिलं. बाकीची बहुतेक दुखणी घासण्याची, टोचण्याची, नाहीतर सुजलेल्या हिरडीची असतात, आणि त्यातली निम्मी घरीच थांबतात.

मी हे शिकले ते लेकीला त्रास देऊन शिकले. ती तेरा वर्षांची होती, गणपतीचे दिवस होते, आणि आम्ही तेव्हा ज्या क्लिनिकमधे जायचो तिथे फोनवर सांगितलं की दुखणारच, सवय होईल. मी विश्वास ठेवला आणि नऊ दिवस तिला गोळ्या देत राहिले. अनंत चतुर्दशीच्या रात्री, सगळी गल्ली गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघायला गेली होती आणि ही घरी उशीत तोंड खुपसून पडलेली, तेव्हा मी पहिल्यांदा मोबाइलचा टॉर्च लावून तिचा गाल बाजूला ओढला. शेवटच्या दाढेच्या मागून तारेचं टोक तीन-चार मिलिमीटर बाहेर आलेलं आणि गालात इतकं रुतलेलं की भोवती पांढरं कडं झालं होतं. नऊ दिवस. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ते टोक दोन मिनिटांत कापलं. तेव्हापासून आमच्याकडे आधी टॉर्च, मग गोळी.

सगळ्यात आधी: तळहात की बोट?

याला एक पैसा लागत नाही. मुलाला फक्त विचारा, कुठे दुखतंय दाखव. अख्खा तळहात गालावर ठेवला तर तो दाबाचा ठणका. एकच बोट तोंडात घालून टोकाने जागा दाखवली तर काहीतरी टोचतंय किंवा घासतंय, नाहीतर तो एकच दात बिघडलाय. माझ्या तिन्ही पोरांच्या बाबतीत हे इतक्या वेळा बरोबर निघालंय की मी आता पहिला प्रश्न हाच विचारते. ठणका असेल तर वाट बघायची असते, टोच असेल तर शोधायचं असतं. टोचेवर कितीही गोळ्या द्या, तार जागची हलत नाही.

मग कॅलेंडर

तार कधी घट्ट केली किंवा ट्रे कधी बदलला ती तारीख बघा. दाबाचा ठणका काही तासांनी सुरू होतो, साधारण दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, तिसऱ्या दिवसापासून उतरतो आणि आठवड्यात जातो. या हिशोबात बसत असेल तर घाबरू नका. कारण समजलं की धीर धरणं सोपं जातं म्हणून सांगते: दात हाडात सिमेंटसारखा पक्का नसतो, दात आणि हाड यांच्यात पाव मिलिमीटरपेक्षाही पातळ असा धाग्यांचा थर असतो, त्यावर दात टांगलेला असतो. तार ओढायला लागली की एका बाजूचा थर दाबला जातो, तिथलं रक्त कमी होतं, सूज येणारी रसायनं तयार होतात आणि त्या बाजूचं हाड हळूहळू विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवीन भरतं. म्हणूनच दात थोडासा हलल्यासारखा लागतो आणि म्हणूनच चावताना कळ येते. एवढं सगळं करून महिन्याला साधारण एक मिलिमीटर दात सरकतो.

आठवडा-दहा दिवस उलटूनही ठणका तसाच असेल, किंवा मधे पूर्ण थांबून तार न बदलता अचानक परत सुरू झाला असेल, तर तो या हिशोबातला नाही. पुढे बघा.

चूळ, ब्रश आणि टॉर्च

ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून खळखळून चुळा भरायला लावा, मग हलका ब्रश, मग टॉर्च. हा क्रम महत्त्वाचा कारण अन्न अडकलेलं असताना काहीच दिसत नाही. इंदूरात राहून सेव खाल्ली नाही असा दिवस जात नाही, आणि पोह्यांवरची बारीक सेव ब्रॅकेटच्या मागे आणि हिरडीच्या कडेला अशी जाऊन बसते की दोन दिवसांनी तिथे हिरडी ठुसठुसते आणि आपण म्हणतो तार दुखतेय. मक्याच्या दाण्याचं साल तर त्याहून वाईट. दातांमधे घालायचा, बाटली साफ करायच्या ब्रशसारखा छोटा ब्रश मेडिकलवर मिळतो, तो तारेच्या खालून घालून बघा, पुष्कळदा दुखणं त्याच्या टोकाला चिकटून बाहेर येतं.

हिरडीबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथे सगळ्यात जास्त जण फसतात. दुखतं म्हणून पोर तिथे ब्रश करत नाही. ब्रश नाही म्हणून ब्रॅकेटभोवती पिवळट थर जमतो. थर जमला की काही दिवसांत हिरडी लाल होऊन फुगते, हात लावला की रक्त, मग आईच म्हणते राहू दे बाई नको करू ब्रश, आणि ते आणखी वाढतं. रक्त येतंय म्हणून ब्रश थांबवायचा नसतो, मऊ ब्रशने हळू पण नक्की करायचा असतो, तारेच्या वरून एकदा, खालून एकदा, जेवणानंतर प्रत्येक वेळी. माझ्या धाकट्याची हिरडी अशीच सुजली होती, मी आठ दिवस रात्री स्वतः त्याचा ब्रश केला, बारा वर्षांच्या मुलाचा, तो लाजून चिडायचा पण आठवड्याने रक्त थांबलं आणि "तारेचं दुखणं" पण त्याच्याबरोबर गेलं. आठवडा-दीड आठवडा नीट करूनही सूज उतरली नाही तर मात्र सफाई करून घ्यावी लागते, ते डॉक्टरांचं काम.

टॉर्चने बघताना गाल बोटाने बाहेर ओढा, सगळ्यात मागच्या दाढेपर्यंत. बघायचं काय तर तारेचं टोक, फिरलेला ब्रॅकेट, मुख्य तार ब्रॅकेटला बांधायची बारीक तार बाहेर आलीय का, पांढरे फोड. फोटो काढून ठेवा, पुढे लागतो.

थंड आणि मऊ

नुसता दाबाचा ठणका असेल तर थंड पाण्याचे घोट लगेच आराम देतात आणि हा मनाचा खेळ नाही. सुरुवातीच्या महिन्यांत लावतात ती तार बऱ्याचदा निकेल-टायटेनियमची असते, तिला आपला मूळ आकार लक्षात राहतो आणि तोंडाच्या उबेने ती त्या आकाराकडे ओढायला लागते. थंड पाण्याने तिचा जोर काही वेळापुरता कमी पडतो, कडक चहाने वाढतो. म्हणून घट्ट केलेल्या दिवशी संध्याकाळचा चहा मी बंद करते. आपली इंदूरची शिकंजी, म्हणजे लिंबाची नव्हे, दुधाची घट्टवाली, ती त्या रात्री आमच्याकडे ठरलेली. बर्फ मात्र चावून खायचा नाही, ब्रॅकेट सुटतो.

जेवणात दोन दिवस मऊ वरणभात, मेतकूट-भात, खिमट, दहीभात, साबुदाण्याची खिचडी पण दाणे कुटून बारीक केलेले, आणि भुट्ट्याचा कीस, तो तर अगदी यासाठीच केल्यासारखा. गराडू, बाफले, खारे दाणे, चिक्की आणि संक्रांतीचा कडक तिळगूळ नको. दरवर्षी संक्रांतीनंतर तुटलेल्या ब्रॅकेटचे दोन तरी फोन मला येतात. सफरचंद, पेरू चिरून.

मेण

टोच सापडली असेल तर पुढची गोष्ट मेण. ऑर्थोचं मेण छोट्या डबीत येतं, क्लिनिकमधे बहुतेक फुकट देतात, नाहीतर मेडिकलवर थोडक्या पैशात. जवळपास सगळे ते चुकीचं लावतात आणि मग सांगतात टिकत नाही. ओल्या ब्रॅकेटवर मेण धरतच नाही. ओठ बाहेर ओढून धरा, टिश्यूने किंवा स्वच्छ सुती कापडाने ब्रॅकेट आणि दात कोरडा करा, मेणाचा वाटाण्याहून लहान तुकडा दोन बोटांत गोल गोल फिरवा, मऊ झाला आणि चमकायला लागला की ब्रॅकेटवर ठेवून दाबा, आणि मग अंगठ्याने वरच्या कडेला थोडा चपटा करा म्हणजे तो तारेच्या खाली जाऊन पकडतो. गालाला आता गुळगुळीत लागलं पाहिजे. जेवताना काढा, ब्रश झाल्यावर नवीन लावा. चुकून गिळलं तरी काही होत नाही. घरातली मेणबत्ती वितळवून लावू नका, मला एकीने विचारलं होतं म्हणून लिहितेय.

घासणं थांबलं की फोड आठवडा ते दोन आठवड्यांत भरतो. मीठपाण्याच्या चुळा दिवसातून तीन-चार वेळा. बधिर करणारं जेल हवं असेल तर लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारूनच, त्यातल्या काही जेलमधे सॅलिसिलेट (अ‍ॅस्पिरिनच्या जातीचं औषध) असतं आणि ते १६ वर्षांखाली देत नाहीत. लवंगेचं तेल नुसतं कापसावर घेऊन लावू नका, आमच्या सासूबाईंचा हा हुकमी उपाय होता आणि दाढेच्या किडीला लावायच्या त्या, पण उघड्या हिरडीला ते भाजतं, पुतणीच्या हिरडीवर पांढरा चट्टा पडला होता. गोळी दाताशी दाबून ठेवायची पद्धत पण तशीच वाईट, तिथली कातडी जळते.

गोळी

ठणका झोपू देत नसेल तर पॅरासिटामॉल. बहुतेक ऑर्थोडोंटिस्ट, म्हणजे तारा लावणारे दातांचे डॉक्टर, हीच पहिली सांगतात, कारण आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या जी सुजेची रसायनं थांबवतात तीच रसायनं दात सरकायला लागतात. एखाद-दुसऱ्या गोळीने फार बिघडत नाही पण रोज रोज नको. मुलांचा डोस वजनावर ठरतो, दोन डोसमधे ४ ते ६ तास, दिवसात ४ पेक्षा जास्त वेळा नाही, आणि सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असतं ते धरून. मेडिकलवाले भैया "दर्द की दे दूँ" म्हणून निमेसुलाइडवाली पट्टी पुढे करतात, तर १२ वर्षांखालच्या मुलांना ती द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. अ‍ॅस्पिरिन पण मुलांना नाही. पावसाळ्यात अंगात ताप असेल तर आयबुप्रोफेनचं नावच काढू नका, डेंग्यू असला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त गोळी लागतेय असं झालं की तिथे थांबा, परत टॉर्च.

अलाइनरवाल्यांसाठी

हे मी स्वतःच्या तोंडावरून सांगते. प्रत्येक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो, म्हणून नवीन ट्रे आवळणारच. मी तो रात्री झोपताना बदलते, म्हणजे सुरुवातीचे वाईट तास झोपेत जातात. चघळायची रबरी नळी येते ती दोन्ही बाजूंनी पाच-सात मिनिटं चावली की ट्रे खाली बसतो. अर्धवट बसलेला ट्रे जास्त दुखवतो कारण दाब चुकीच्या जागी पडतो.

सगळ्यात जास्त दुखणं मात्र ट्रे काढून ठेवण्याने होतं. दिवसात २० ते २२ तास घालायचा असतो. लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, सराफ्यावर खायला गेलो की आपण तो रुमालात गुंडाळून पर्समधे टाकतो आणि चार तास विसरतो, तेवढ्यात दात मागे यायला लागतात, आणि रात्री घालताना वाटतं नवीनच ट्रे आहे. असं रोज होत असेल तर दुखणं संपतच नाही. दोन-तीन दिवस राहिलाच आणि आता बसत नाहीये, तर जोर लावू नका, आधीचा ट्रे घालून डॉक्टरांना फोन. म्हणून मागचा ट्रे कधी फेकायचा नसतो.

कड कापत असेल तर नखं घासायची बारीक कानस, नवीन, धुतलेली, तिने फक्त तेवढीच जागा दोन-चार वेळा घासा, बोट फिरवून बघा, ट्रे धुवून घाला. हिरडीला जिथे ट्रे टेकतो ती पूर्ण रेघ घासत बसू नका, पकड जाते. काढताना आधी मागच्या दाढांच्या आतल्या बाजूने, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून, मग पुढे. पुढून ओढला तर दातांवरचे ते छोटे चिकटवलेले उंचवटे निघतात. आणि ट्रे घालून गरम चहा नाही, गरम पाण्याने धुणं नाही, प्लॅस्टिक वाकलं की तो चुकीच्या दिशेने ढकलणार.

वरच्या-खालच्या दातांमधे अडकवायचे रबर लावायला सांगितले असतील तर तोच हिशोब. दोन दिवस लावायचे, एक दिवस सुट्टी, असं केलं की प्रत्येक वेळी पहिल्या दिवसाचं दुखणं. भरपाई म्हणून दोन रबर एकदम लावू नका, दातावर ठरवलेल्यापेक्षा दुप्पट जोर पडतो.

तारेचं टोक, सुटलेला ब्रॅकेट

आता घरी करण्यातलं सगळ्यात अवघड. बारीक बांधायची तार बाहेर आली असेल तर पेन्सिलच्या मागच्या खोडरबराने, धुवून, ती हळूच दाताकडे आत वळवा. जाड तारेचं मागचं टोक असेल तर फार झालं तर त्यावर मेण लावा. नेलकटरने तारेचं टोक घरी कापायला मी सांगणार नाही, तुकडा घशात जातो. ब्रॅकेट दातावरून सुटला पण तारेवर लटकतोय तर ओढून काढू नका, मेणाने जागी धरा आणि दुसऱ्या दिवशी फोन. दाढांच्या फटीत जागा करायला निळं रबर घातलं असेल तर ते मक्याच्या दाण्यासारखं वाटणं दोन-तीन दिवस चालतंच, ते टूथपिकने काढू नका. आपोआप पडलं तर कळवा, कारण फट बंद झाली की ते परत घालावं लागतं.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

गालावर किंवा जबड्याखाली बाहेरून सूज, ताप, पू, तोंड उघडेना, गिळताना त्रास, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी. श्वास लागतोय, किंवा तुकडा गिळल्यावर खोकला थांबत नाही, शिट्टीसारखा आवाज येतोय, तर क्लिनिक शोधत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, १०८ ला फोन. तुकडा गिळला पण काही त्रास नाही तर बहुतेक वेळा तो पोटातून निघून जातो, तरी फोन करून सांगाच.

एकच दात रात्री झोपेतून उठवतोय, गरम लागल्यावर मिनिटं मिनिटं ठणकतोय, हिरडीवर पुळी आलीय, तर ते तारेचं नाही, दाताच्या नसेचं आहे. क्रिकेटचा बॉल लागला, दात नेहमीपेक्षा खूप हलतोय किंवा आत-बाहेर झालाय, त्याच दिवशी. फोड दोन आठवड्यांत भरला नाही तर दाखवा. खोटे कानातले घातले की ज्यांचा कान चिघळतो त्यांच्या हिरड्या आणि ओठ सगळीकडे लाल होऊन जळजळत असतील तर निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

शक्यतो ज्यांनी तार लावली त्यांच्याकडेच जा, त्यांना माहिती असते कोणती तार आहे आणि पुढे काय करायचंय. ते गावाला असतील तर दुसरा ऑर्थोडोंटिस्ट, म्हणजे बीडीएसनंतर त्यातच तीन वर्षांचं एमडीएस केलेला, नाहीतर आमच्या इंदूरला एमवाय या सरकारी हॉस्पिटलजवळचं सरकारी डेंटल कॉलेज आहे.

फोन केल्यावर नुसतं "खूप दुखतंय" म्हणू नका, मी पूर्वी तेच म्हणायची आणि म्हणूनच मला सवय होईल असं उत्तर मिळालं. तार किंवा ट्रेची तारीख सांगा, वर-खाली, डावी-उजवी, पुढून कितवा दात ते सांगा, किती दिवस गोळी चाललीय ते सांगा आणि टॉर्च लावून काढलेला फोटो पाठवा. लेकीच्या वेळी असा फोटो पाठवला असता तर पहिल्याच दिवशी बोलावलं असतं. आमच्या फ्रिजवर आता एक छोटा डबा असतो, त्यात मेण, बारीक ब्रश, मागचा ट्रे, खोडरबरवाली पेन्सिल आणि झाकणाला आतून चिकटवलेला डॉक्टर मॅडमचा नंबर.